दम लागणारच

“ऑपरेशन फुप्फुसाचं झालंय ना? मग दम लागणारच.”

फोनवरचं हे वाक्य दीड वर्ष झालं तरी डोक्यातून जात नाही.

उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग कॅन्सरच्या गाठीसकट मुंबईत काढला. दहाव्या दिवशी घरी सोडलं. कराडपर्यंत सहा-सात तास गाडीत पाय खाली सोडून बसून आले. दवाखान्यात रोज रात्री पोटात एक इंजेक्शन द्यायचे, रक्ताची गाठ होऊ नये म्हणून. बेंबीभोवती जांभळे डाग पडले होते. घरी जाताना कागदावर ते इंजेक्शन नव्हतं. सुटले एकदाची, असं वाटलं. विचारलं नाही.

सोळाव्या दिवशी डावी पोटरी भरून आली. कातडी ताणून चकचकीत झालेली, हाताला गरम. प्रवासाने आखडली असेल म्हणून वन्संनी कोमट तेल लावून चोळून दिली.

दोन दिवसांनी न्हाणीतून कॉटपर्यंत आले आणि श्वास पुरेना. टाके दुखतात तेव्हा श्वास अर्ध्यावर अडतो, ते मला ठाऊक होतं. हे तसं नव्हतं. श्वास पुरता आत जात होता, पण त्याचा उपयोग होत नव्हता. ह्यांनी मुंबईला फोन लावला. तिकडून ते वाक्य आलं. ह्यांनी पुन्हा सांगितलं, “काल एवढा नव्हता हो, आज एकाएकी सुरू झालाय.” उत्तर तेच, वर तीन गोळ्यांच्या यंत्रावर श्वासाचा व्यायाम वाढवा. पायाबद्दल त्यांनी विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही. फुप्फुसाच्या दवाखान्यात पोटरीचं काय सांगायचं?

इथल्या तरुण डॉक्टरांनी मात्र आल्या आल्या म्हटलं, “काकू, साडी जरा वर घ्या.” टेपने दोन्ही पोटऱ्या मोजल्या. डावी चार सेंटिमीटरने जास्त. ऑक्सिजन 88. संध्याकाळी सीटी झाला. पायातली गाठ सुटून डाव्या, म्हणजे माझ्या चांगल्या फुप्फुसाच्या धमनीत जाऊन बसली होती.

मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. पायातलं अशुद्ध रक्त निळ्या खडूने हृदयाच्या उजव्या बाजूला आणायचं आणि तिथून थेट फुप्फुसात न्यायचं. वाट मला पाठ होती. त्या वाटेने गाठही जाते, हे सुचलं नाही.

कॅन्सरने रक्त आधीच गोठायला टेकलेलं असतं, त्यात ऑपरेशन आणि पडून राहणं. हा धोका टाके काढल्यावर संपत नाही, काही आठवडे राहतो. म्हणून अशा ऑपरेशननंतर पुष्कळ ठिकाणी ते इंजेक्शन महिनाभर चालू ठेवतात. घरी सोडताना एवढं विचाराच: इंजेक्शन किती दिवस, आणि नसेल तर का नाही? एकच पाय सुजला किंवा दम एकाएकी वाढला, तर फोनवर समाधान मानू नका, तपासायला जा.

त्या फोनवरच्या माणसावर मी खूप चिडले, अजूनही चिडते. पण तो रात्रपाळीचा कुणी शिकाऊ मुलगा असेल, आणि पायाचं तर मीही लपवल्यासारखंच केलं. कधी वाटतं माफ करावं, आणि ते वाक्य आठवलं की पुन्हा होत नाही.

वन्संना मी अजून सांगितलेलं नाही की अशी पोटरी चोळायची नसते. त्या संध्याकाळी तेलाची वाटी घेऊन येतात. मी डोकं पुढे करते.