साखरखेर्ड्याहून हैदराबादला

बुलढाणा जिल्ह्यात येणारा प्रवासी लोणारचे सरोवर पाहतो, शेगावला गजानन महाराजांचे दर्शन घेतो आणि इतिहासाची आवड असली तर सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थानी माथा टेकून परत फिरतो. त्याच तालुक्यातल्या साखरखेर्ड्याला मुद्दाम असे कोणी जात नाही. वास्तविक ११ ऑक्टोबर १७२४ रोजी या गावाजवळ जी लढाई झाली, तिने दक्षिणेचे पुढचे सव्वादोनशे वर्षांचे राजकारण ठरवले. निजामुल्मुल्काने येथे मुबारिझखानाचा पराभव केला. मुबारिझखान रणात पडला आणि हैदराबादच्या आसफजाही राज्याचा पाया आमच्या या वऱ्हाडी मातीत घातला गेला. जेत्याने गावाला नवे नाव दिले, फत्तेखेर्डा. इतिहासाच्या पुस्तकांत ते आजही सापडते.

यंदाच्या उन्हाळ्यात मेहकरहून एसटीने तिकडे निघालो, तेव्हा गंमत म्हणून मी वाहकाकडे फत्तेखेर्ड्याची दोन तिकिटे मागितली. त्याने माझ्याकडे क्षणभर पाहिले. "असं गाव नाही सर आपल्या रूटवर. साखरखेर्डा देऊ का?"

मी मुकाट्याने पैसे दिले. तीनशे वर्षांपूर्वीच्या विजयी सेनापतीचा हुकूम महामंडळाच्या वाहकाने एका वाक्यात रद्द करून टाकला होता!

शेजारी आमच्या महाविद्यालयातले संगणकशास्त्राचे प्राध्यापक बसले होते. ते हसून म्हणाले, "सर, नावं ठरवण्यासाठी हल्ली जागतिक परिषदा भरतात. तशी एक तुमच्या या निजामाच्या हैदराबादलाच भरली होती." मग साखरखेर्डा येईपर्यंत त्यांनी जे सांगितले आणि पुढे मी जे वाचून काढले, ते वाचकांनाही रंजक वाटेल.

इंटरनेटवर प्रत्येक ठिकाणाला नाव लागते, आणि एक नाव दोघांना देऊन चालत नाही. ही नावे कोणी वाटायची, नियम कोणी करायचे, हा साऱ्या जगाचा प्रश्न. त्याच्या चर्चेसाठी संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने २००६ साली अथेन्सला पहिली परिषद झाली, दुसरी रिओला, आणि तिसरी ३ ते ६ डिसेंबर २००८ या दिवसांत हैदराबादला. तारखा पाहा. आदल्याच आठवड्यात मुंबईवर २६ नोव्हेंबरचा हल्ला झालेला! अनेकांनी येणे रद्द केले. तरीही ९४ देशांतून बाराशेंहून अधिक माणसे आली आणि परिषद पार पडली.

पुढे २०१६ साली नावांचा प्रत्यक्ष कारभार पाहणाऱ्या 'आयकॅन' या संस्थेची परिषद हैदराबादला आली, तीही अचानक. ती व्हायची होती पोर्टो रिकोतील सान हुआन शहरी. पण झिकाच्या साथीमुळे जागा बदलली आणि यजमानांच्या हाती जेमतेम सहा महिने राहिले. तीन हजारांवर पाहुणे आले. ३ ते ९ नोव्हेंबर अशी ही परिषद. आणि ८ तारखेच्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या! परक्या देशाची माणसे, खिशात कालपर्यंत चालणाऱ्या नोटा आणि दुसऱ्या दिवशी परतीची घाई. लग्नाचे वऱ्हाड ज्याने एकदा सांभाळले आहे, त्याला त्या यजमानांची स्थिती अधिक सांगायला नको.

पण या वऱ्हाडाची खरी मौज मानपानात आहे. राष्ट्रांच्या इतर परिषदांत सरकारे बोलतात आणि बाकीचे ऐकतात. येथे सरकारे, कंपन्या, तंत्रज्ञ, विद्यापीठे आणि साधे वापरणारे लोक, ज्याचे ज्याचे काही गुंतले आहे, त्या प्रत्येकाला खुर्ची असते. नाव नोंदवले की कोणीही जाऊन बसावे, प्रवेश फुकट. अमेरिकन सरकारचा या कारभारावरचा कराराचा हक्कही १ ऑक्टोबर २०१६ रोजी संपला होता. त्यानंतरची पहिली परिषद हैदराबादची.

मराठीच्या मास्तराला याचे काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आमच्या प्रांताच्या नावातच आहे. 'वऱ्हाड' लिहून पाहा. यातला 'र' हा 'सूर्य'मधल्यासारखा डोक्यावर चढून बसत नाही. तो भुवईसारखा आडवा, 'ह'च्या अंगाला लागून राहतो. हिंदीला त्याची गरज नाही. मराठीचे मात्र त्यावाचून अडते. मेजवानीच्या खर्चाचे पैसे 'आचाऱ्यांना' द्यायचे की 'आचार्यांना', हा फरक तेवढ्या एका रेघेवर उभा आहे!

नावाच्या शेवटच्या बिंदूपुढे जे अक्षर-समूह येतात, उदाहरणार्थ '.भारत', त्यांत देवनागरीची कोणती अक्षरे चालतील, हे ठरवायला एक मंडळ बसले. नऊ भारतीय लिप्या त्याच्याकडे होत्या आणि शेजारच्या देशांतले जाणकारही त्यात होते. अक्षरे जोडणारे अदृश्य चिन्ह नावांत वर्ज्य होते. जे डोळ्याला दिसत नाही, त्यातून फसवणूक होऊ शकते. मग आमचा 'र' लिहायचा कसा? त्यासाठी मूळ द्राविडी उच्चारांकरिता ठेवलेला नुक्त्याचा 'ऱ' उपयोगी पडला. मसुदा जाहीर झाला, जगभरातून अभिप्राय मागवले गेले, आणि २०१९ साली मान्य झालेल्या नियमांत 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' या जोड्यांना जागा मिळाली. कोणीतरी त्या मेजावर बसून मराठीची ही अडचण मांडली, म्हणून आज 'वऱ्हाड' हा शब्द तेथे नियमाने बसू शकतो.

आता याच वऱ्हाडाचे जुने कागद काढून पाहा. १८५३ साली फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी निजामाने हा मुलूख कंपनीच्या हवाली केला. १९०२ साली सालीना २५ लाख रुपयांवर तो इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने दिला गेला. दोन्ही वेळी मेजाच्या एका बाजूला हैदराबाद, दुसऱ्या बाजूला कलकत्ता. ज्यांची शेते, ज्यांचा कापूस, ज्यांचा सारा, त्यांना कोणी विचारले नाही. मेजावर त्यांची खुर्चीच नव्हती.

आता खुर्ची आहे. पण तिच्यापर्यंतचे भाडे सर्वांना सारखे नाही. मोठी कंपनी जगातल्या प्रत्येक परिषदेला चार माणसे पाठवते. तालुक्याच्या गावातल्या शिक्षकाला रजाही मिळत नाही. २०१२ साली बिंदूपुढचे नवे नाव मागणाऱ्याला नुसत्या अर्जापोटी १,८५,००० डॉलर भरावे लागत होते. वऱ्हाडचा शेतकरी ते कोठून आणणार? मात्र मसुद्यावर पत्र पाठवायला भाडे लागत नाही आणि घरबसल्या सभेत बोलण्याची सोयही आता झाली आहे. तेव्हा सबब थोडी उरते.

साखरखेर्ड्याच्या लोकांनी आपले नाव राखले ते कोणत्या ठरावाने नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या तेच नाव बोलत राहून. पण यंत्राला बोलणे पुरत नाही. त्याला अक्षर आधी नियमात बसलेले लागते, आणि तो नियम दूर कोठेतरी चार माणसे बसून करतात. आमचे वर्ग, आमची संमेलने, आमचे भाषाभिमानाचे ठराव हे सारे चालूच राहील. त्यातला एखादा ठराव कमी करून त्या चार माणसांत पाचवा पाठवता आला, तर 'ळ'ची, 'ऱ्ह'ची आणि पुढे जी कोणती अडचण येईल तिची वेळेवर वाच्यता होईल.