कुठल्या क्षणापासून मोजायचं?

वाघोलीचं नाव काढलं की पुणेकराला नगर रस्त्यावरची कोंडी आठवते. खनिजं जमवणाऱ्या माणसाला मात्र, मग तो कुठल्याही देशातला असो, एक निळा रंग आठवतो. त्या निळ्या खनिजाचं नाव कॅव्हनसाइट. इथल्या खाणींत काळा दगड फोडताना कधीमधी एखादी पोकळी उघडी पडते. आत स्टिल्बाइटचा पांढुरका थर असतो आणि त्यावर वाटाण्याएवढे निळेभोर गेंद बसलेले असतात, जणू शाईच्या दौतीतून उडालेले थेंब. भिंगाखाली धरलं की कळतं, हा गोळा नाहीच. एका बिंदूतून चौफेर फुटलेल्या बारीक सुयांचा झुबका आहे. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिका यांचा हा मेळ, आणि निळाई व्हॅनेडियमची. हे खनिज पहिल्यांदा सापडलं अमेरिकेत, ऑरेगनमध्ये. १९७३ मध्ये त्याचं वर्णन छापून आलं. पण असे टपोरे गेंद वाघोलीचेच. परदेशातल्या एखाद्या काचेच्या कपाटात तो दिसला की जाणकार खालची चिठ्ठी वाचायच्या आधीच आपल्या गावाचं नाव घेतो.

गाव कळलं. वय? तिथे गंमत सुरू होते.

आमच्या भागात दगडाला कुणी वय विचारत नाही, भाव विचारतात. खडी किती, कच किती, डंपर कधी येणार. पण ज्याची खडी होते तो दगड साधारण ६.६ कोटी वर्षांचा आहे, आणि ते ठरवण्याची रीत मला फार आवडते. या दगडात थोडं पोटॅशियम असतं. त्यातल्या एका जातीच्या अणूंपैकी काहींचा हळूहळू आर्गॉन वायू होत राहतो. निम्मे अणू सरायला सुमारे १२५ कोटी वर्षं लागतात. हा दगड लाव्हा होऊन उकळत होता तोवर हा वायू निसटून जात होता. थिजला तसा तो आत कोंडला गेला. कोंडलेला आर्गॉन मोजला की थिजण्याचा मुहूर्त कळतो. निळा गेंद मात्र त्यानंतरचा. दगड थिजल्यावर पोकळ्यांतून खनिजं विरघळलेलं पाणी झिरपलं, तेव्हा तो धरला. सुरुंग काल लागला, खडी आज पडली. एकाच ढेकळाला इतके जन्मदिवस! म्हणून वय विचारणाऱ्याने आधी सांगावं, कशाचं वय हवंय.

मडक्याचंही तसंच. माती लाखो वर्षांची असते, पण मडकं भट्टीत शेवटचं तापलं तेव्हा तिच्या कणांत साठलेली ऊर्जा पुसली गेली. पुढे जमिनीत पडल्या पडल्या आसपासच्या किरणोत्साराने ती पुन्हा साठत गेली. प्रयोगशाळेत खापरी तापवली की ती ऊर्जा मंद उजेड होऊन बाहेर पडते. तो उजेड आणि वर्षाकाठी साठणारी मात्रा यांच्या हिशेबातून वय निघतं. ते वय शेवटच्या आचेचं. ते मडकं कुणी, कधी वापरलं याचं नव्हे.

नगर रस्त्याने पूर्वेला गेलं, शिक्रापूरहून न्हावऱ्याकडे वळलं की घोड नदीकाठी इनामगाव लागतं. १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तिथे सलग उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्या कामातली मोठी नावं. घरांच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावून आडव्या पुरलेल्या कुंभांत लहान मुलं होती. चार पायांच्या एका रांजणात बसवून पुरलेला एक मोठा माणूस होता. आणि धान्याचे जळके दाणे होते, मुख्यतः जवाचे. मला त्या रांजणापेक्षा दाण्याचं अधिक नवल वाटतं. जवाचं रोप जिवंत असेपर्यंत हवेतला कार्बन घेत असतं, आणि त्यातल्या दर एक लाख कोटी अणूंमागे साधारण एक कार्बन-१४ असतो. दाणा पिकला, कापला, की आवक बंद. उरलेलं नुसतं घटत जातं, ५७३० वर्षांत निम्मं. इनामगावच्या सुमारे ३४०० वर्षांपूर्वीच्या दाण्यात अजून दोन तृतीयांश शिल्लक असतं. असे नमुने मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मोजले जात. पुढे ती प्रयोगशाळा अहमदाबादला गेली. वस्तीचा काळ इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० असा बसला. कोळशावर वय काढलं तर ते लाकडाचं निघतं, आणि जुनी तुळई चुलीत गेली असेल तर ते घरापेक्षा वडीलधारं ठरतं. दाणा त्या एका सुगीचा असतो, म्हणून तो भरवशाचा. वय काढण्यासाठी तो जाळून त्याचा वायू करावा लागतो, ही त्यातली रुखरुख.

(जाता जाता: पेट्रोल-डिझेल इतकं जुनं की त्यात कार्बन-१४ उरलेलाच नाही. त्याचा धूर पिऊन वाढलेलं वाघोलीच्या चौकातलं झाड माळावरच्या समवयस्कापेक्षा म्हातारं भरेल. कोंडीत वय वाढतं हे आम्ही म्हणतो ते अगदीच खोटं नाही.)

कधी वयाआधी गावच शोधावं लागतं. डेक्कन कॉलेजच्याच व्ही. डी. गोगटे यांनी खापरांचं गाव शोधलं. चक्राकार नक्षीच्या ज्या गुळगुळीत थाळ्या पुरातत्त्वज्ञ व्हीलरना १९४५ मध्ये दक्षिणेतल्या अरिकमेडूला सापडल्या, त्या रोमकडच्या असाव्यात असा समज होता. गोगट्यांनी क्ष-किरणांनी मातीतली खनिजं तपासली आणि १९९७ मध्ये बोट ठेवलं ते बंगालवर, चंद्रकेतुगढ-तामलुकच्या चिखलावर. पुढे त्यावर वाद झाले, व्हायलाच हवेत.

वाद म्हटला की मला बोरी आठवते. जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच ठिकाणी अश्मयुगीन हातकुऱ्हाडी सापडतात. १९८९ मध्ये राखेचं वय निघालं सुमारे १४ लाख वर्षं. १९९५ मध्ये ते पावणेसात लाखांच्या आसपास आलं. राखेतल्या काचेची रासायनिक घडण तपासणाऱ्यांनी सांगितलं, ही सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीची, अवघ्या ७५ हजार वर्षांपूर्वीची. एकच राख आणि तीन उत्तरं! आर्गॉनच्या रीतीत आसपासच्या जुन्या दगडाचे चार कण मिसळले तरी आकडा फुगतो, आणि आपल्याकडे नदीत जुन्या दगडाचा काय तोटा? काचेची घडण अशी फसत नाही, म्हणून राखेपुरता माझा कल ७५ हजारांकडे आहे. हातकुऱ्हाडींपुरता नाही. त्या घडवणारा हात आणि सुमात्रातला स्फोट हे दोन निराळे क्षण. नदीने ते एका काठावर आणून टाकले, एवढ्याने त्यांची जन्मपत्रिका एक होत नाही.