मंगळावरचा वापसा

हॅन्क्सव्हिल हे युटा राज्यातलं इवलंसं गाव मागे पडलं आणि थोड्याच वेळात झाडं संपली, मग गवतही संपलं. तांबड्या, करड्या, जांभळट पट्ट्यांच्या उघड्याबोडक्या टेकड्या, आणि त्यांच्या मधोमध एक पांढरं, गोल, दुमजली घर. मार्स डेझर्ट रिसर्च स्टेशन! मंगळावर राहायची रंगीत तालीम मार्स सोसायटी २००२ सालापासून इथे घेते आहे. तीनशेहून जास्त पथकं इथे राहून गेली.

पथक मुक्कामाला असताना बाहेरच्यांनी तिकडे फिरकायचं नसतं. आम्ही गेलो ते हंगाम संपल्यावर, विद्यार्थ्यांच्या रोव्हर स्पर्धेच्या दिवसांत. पुतण्या एका संघाबरोबर होता, म्हणून आत पाय ठेवता आला.

घराचा व्यास जेमतेम आठ मीटर. खाली अंतराळपोशाख, वर स्वयंपाकाचा ओटा, एक टेबल आणि अगदी अरुंद अशा सहा खोल्या. सहा-सात माणसं एवढ्याशा जागेत बहुधा दोन आठवडे काढतात. बाहेर पडायचं तर पोशाख आणि शिरस्त्राण चढवून आधी एअरलॉकमध्ये काही मिनिटं थांबायचं. जेवणाचे जिन्नस बहुतेक वाळवलेले. कामं वाटून दिलेली: कुणी पथकप्रमुख, कुणी अभियंता, कुणी हरितगृह पाहणारा. एक जण तर खास बातमीदार! शेजारची दुरुस्तीची कार्यशाळा म्हणजे चिनूक हेलिकॉप्टरचा सांगाडा आहे, हे कळल्यावर मी त्याला हात लावून पाहिल्याशिवाय पुढे सरकलो नाही.

रात्री ठरल्या वेळी ‘पृथ्वीला’ अहवाल जातात. त्यांत दिवसभरात किती पाणी खर्ची पडलं याचा हिशोब असतो. पाणी बाहेरून आणून टाकीत साठवलेलं, आंघोळ काही दिवसांआड. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते आम्ही शेजारचे परभणीकर विसरलेलो नाही. हंड्याहंड्याचा असा हिशोब मराठवाड्यातल्या बायका जन्मभर करत आल्या आहेत. मंगळाची तयारी करणाऱ्यांनी त्यांच्याशी एकदा बोलावं, असं मला तिथे फार वाटलं.

पण मला खिळवून ठेवलं ते बाहेरच्या जमिनीने. वरचा थर ज्वारीच्या लाह्यांसारखा फुललेला, पाय ठेवला की चुरचुरत आत जाणारा. एका ढेकळावर बाटलीतलं पाणी ओतलं. ढेकूळ फुगलं, विरघळलं, आणि चिखल बोटांना सोडेना. रंग निराळा, पण गुण सगळे आमच्या परभणीच्या रानाचे!

आपल्याकडच्याच एका संघातल्या विद्यार्थिनीने उलगडा केला. सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वी इथे ज्वालामुखींची राख साचली, तिची ही बेंटोनाइट माती झाली. आपल्याकडे दख्खनचा बेसॉल्ट झिजून काळी माती तयार झाली. दोन्हींत स्मेक्टाइट जातीची खनिजं: ओली झाली की फुगतात, वाळली की भेगाळतात. मंगळाचा खडकही मुख्यतः बेसॉल्टच. २०१३ साली क्युरिऑसिटी रोव्हरने गेल विवरात एक चिखलखडक कोरला, त्यातही स्मेक्टाइट निघाली. म्हणजे तिथे कधीकाळी पाणी साचून होतं, आणि तेही फारसं खारट नसलेलं. परभणीपासून इतक्या दूर येऊन मला हे कळावं!

पथकं येतात ती याच जमिनीसाठी. दगडांच्या आत आणि खाली तग धरून राहणारे सूक्ष्मजीव शोधायचे, जाड हातमोजे घालून नमुने कसे गोळा करता येतात ते पाहायचं. पाऊस झाला की मात्र चाकांना चिखलाचे गोळे बसतात आणि बाहेरच्या फेऱ्या रद्द होतात. जमीन सुकून वापसा येईपर्यंत मंगळवीरही घरातच.

हरितगृहात पालेभाज्या, टोमॅटो लावतात. आमच्या परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ भेंडी माझ्या मनात आली. त्या विद्यार्थिनीला विचारलं, “खुद्द मंगळाच्या मातीत पीक येईल का गं?”

“काका, आधी ती माती धुवावी लागेल. फिनिक्स यानाला २००८ साली तिच्यात पर्क्लोरेट सापडले. विषारी क्षार आहेत ते. आणि धुवायचं पाणी बर्फ वितळवून काढायचं.”

“एका वाफ्याला किती लागेल?”

तिने वही काढली. आमच्या कालव्याखालच्या खारवट जमिनी चर खणून, पाणी मुरवून कशा धुतात, ते मी तिला सांगू लागलो.