देवळासमोरचा दशावतार

दशावतार हे सिंधुदुर्गातील आणि लगतच्या गोव्यातील जत्रेच्या रात्रीचे नाटक आहे. दिवाळीनंतर गावोगावच्या जत्रा लागतात. पालखीची प्रदक्षिणा आटोपली की देवळासमोर खेळ उभा राहतो आणि तो पहाटेपर्यंत चालतो. नेपथ्य जवळजवळ नसतेच. एक बाकडे असते, तेच राजाचे सिंहासन आणि तेच ऋषीचे आसन. साथीला पायपेटी, पखवाज आणि झांज. सगळी पात्रे पुरुषच करतात, स्त्रीपात्रेसुद्धा.

खेळाचे दोन भाग असतात. पहिला आडदशावतार. त्यात सूत्रधार, गणपती, मोरावर बसलेली सरस्वती, ब्रह्मदेव आणि वेद चोरणारा संकासुर येतात. काळ्या वेषातला, लाल जीभ लोंबणारा संकासुर मालवणीत बोलतो आणि पोरेटोरे त्याच्यासाठीच जागी राहतात. विष्णू त्याचा वध करतो, मग पौराणिक आख्यान सुरू होते. आद्य मराठी नाटककार विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले, त्याच्या आरंभीही सूत्रधार, गणपती आणि सरस्वती होतेच.

या नाटकाला लिखित संहिता नसते, आणि त्याचे खरे बळ तिथेच आहे. प्रस्तुत लेखक मित्रांसह सावंतवाडी तालुक्यातील एका जत्रेला गेला, तेव्हा खेळाआधी मंडळींना रंगताना जवळून पाहता आले. पेटाऱ्याला आरसा टेकवून एक नट भुवया कोरत होता. शेजारी नाईक, म्हणजे कंपनीचा प्रमुख, त्या रात्रीचे कथानक सांगत होता: कोण कोणाला शाप देणार, युद्ध कधी लागणार. तालीम म्हणावी तर एवढीच. पुढे राजा आणि ऋषी यांचा वाद रंगला. ऋषीने धर्मावर एक अडचणीचा प्रश्न टाकला. राजा झालेला नट क्षणभर थांबला, पेटीवाल्याने सूर धरून ठेवला, आणि मग त्याने थेट महाभारतातला दाखला देऊन उत्तर केले. मागे घोंगडीवर बसलेल्या म्हाताऱ्यांनी मोठ्याने दाद दिली. त्यांनाही ते महाभारत पाठ होते. मुंबईहून आलेला एक मित्र तोवर खाजे आणि भजी यांत रमला होता. त्यानंतर तो जागचा हलला नाही.

युद्धही असेच पाहण्याजोगे. पखवाज आणि झांजेच्या लयीवर दोन योद्धे गिरक्या घेत एकमेकांना भिडतात. ते भांडण कमी आणि नाच जास्त. पहाटे दहीकाल्याची हंडी फुटते आणि खेळ संपतो.

अलीकडे ट्रिकसीनचे, म्हणजे चमत्काराची दृश्ये युक्तीने दाखवणारे, दशावतार लोकप्रिय आहेत आणि मुंबईच्या नाट्यगृहांतही प्रयोग होतात. तिथे वेळेअभावी आडदशावतार बऱ्याचदा गाळला जातो. ही काटछाट घातक आहे, कारण प्रेक्षक आणि नट यांची ओळख होते ती संकासुराच्या प्रवेशातच. ज्यांना दशावतार पाहायचा आहे त्यांनी तो जत्रेतच पाहावा. अंथरायला चादर आणि थंडीसाठी शाल न्यावी, खेळ सुरू होण्याआधी जागा धरावी, आरतीचे ताट समोर आले की हात आखडू नये आणि दहीकाला होईपर्यंत उठू नये.