आवृत्ती, प्रती आणि प्रकाशकाचा धीर

पुस्तकाच्या आरंभीच्या पानावर 'पहिली आवृत्ती', 'दुसरी आवृत्ती' अशा ज्या ओळी असतात, त्यांच्या आधाराने आपण अभिरुचीच्या इतिहासाविषयी बरीच विधाने करीत आलो आहोत. आवृत्ती ही मात्र मुळात व्यापारातली गोष्ट आहे, हे वाङ्मयाच्या वर्गात क्वचितच बोलले जाते.

मराठीत आवृत्ती म्हणजे साधारणतः हजार-अकराशे प्रती, असा संकेत दीर्घकाळ होता. त्यामागे रसिकांची मोजदाद नव्हती, ऑफसेट छपाईचे गणित होते. प्लेट करणे, यंत्र लावणे, सुरुवातीचे कागद वाया जाणे हा खर्च शंभर प्रतींना जेवढा, जवळजवळ तेवढाच हजार प्रतींना. म्हणजे प्रती वाढवाव्यात तशी एकेक प्रत स्वस्त होत जाते, आणि प्रकाशकाचे सगळे पैसे मात्र आरंभीच अडकतात. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या परिसरातील एका प्रकाशकांकडे माझे वर्षानुवर्षे जाणे-येणे होते. त्यांच्या गोदामात एका कवितासंग्रहाचे गठ्ठे नऊ वर्षे पडून होते. दर पावसाळ्यानंतर ते गठ्ठे सोडायचे, वाळवी पाहायची, उन्हे दाखवायची आणि पुन्हा बांधून ठेवायचे. "खपेल हो. याचा वाचक अजून शाळेत असेल," असे ते म्हणत. व्यवस्थापनशास्त्र याला अडकलेले भांडवल म्हणते. मला ती समीक्षा वाटत असे, आणि तीही पदरचे पैसे घालून केलेली.

डिजिटल छपाईने हे गणितच बदलले. प्लेट नाही, पाच प्रती काढा वा दोनशे, दर प्रतीचा खर्च फारसा हलत नाही. अमेरिकेत इन्ग्रॅम या ग्रंथवितरण कंपनीने १९९७ साली मागणीनुसार छपाईचा उद्योग सुरू केला, आणि २००५ मध्ये अ‍ॅमेझॉनने बुकसर्ज ही त्याच व्यवसायातील कंपनी विकत घेतली. दुकानाच्या फळीवर ज्यांना जागा मिळत नाही अशा असंख्य पुस्तकांची तुरळक विक्री एकत्र केली तर तोही एक मोठा बाजार होतो, हे क्रिस अँडरसन यांचे 'लाँग टेल'चे प्रतिपादन २००४ मधले. ते आपल्याकडेही काही अंशी खरे ठरले. ग्रंथालयातील एकुलत्या एका जीर्ण प्रतीच्या झेरॉक्सवर ज्यांचे प्रबंध उभे राहिले, त्या पिढीला तरी या सोयीची थट्टा करण्याचा अधिकार नाही.

पण धोका कमी झाला तशी निवडीची किंमतही उतरली. होकार देण्यात काही गमवायचे नसेल, तर त्या होकाराला वजन कुठून येणार? शिवाय धोका नाहीसा झालेला नाही. पहिल्या शंभर प्रतींचा खर्च पुष्कळदा लेखकाकडे सरकतो, आणि तोही बिनबोभाट.

त्या प्रकाशकांचे चिरंजीव आता व्यवसाय पाहतात. हुशार आहेत, वडिलांच्या वेळचे कर्ज त्यांनी फेडले. रोजची विक्री त्यांना पडद्यावर दिसते. एका नव्या कथाकाराचे हस्तलिखित घेऊन मी गेलो, तेव्हा त्यांनी विचारले, "सर, यांना फेसबुकवर किती जण वाचतात?" प्रश्न गैर नव्हता. वडीलही ग्रंथालये किती प्रती घेतील याचा अंदाज बांधीतच असत. (सरकारी खरेदीवर डोळा ठेवून काढलेली त्या काळची पुस्तके आठवली की गतकाळाविषयीचा गहिवर बराच ओसरतो.) फरक मुदतीचा आहे. वडिलांचा अंदाज चुकला की नाही हे कळायला नऊ वर्षे लागत. आता आठवड्यात आकडा येतो, आणि लेखकाच्या पुढच्या पुस्तकाचा निर्णय त्या आकड्यावर होतो. सावकाश वाचल्या जाणाऱ्या लेखकाला या हिशेबात रकानाच नाही. अ‍ॅमेझॉनच्या मालकीची वेस्टलँड ही भारतातील प्रकाशनसंस्था २०२२ साली बंद करण्यात आली, तेव्हा तिच्या लेखकांना नवे घर शोधावे लागले. विक्रेता आणि प्रकाशक एकच झाले तरी पुस्तकाला धीर मिळतोच, असे नाही.

आता 'पाचवी आवृत्ती' या शब्दांनी पाच हजार प्रती सूचित होतील किंवा अडीचशेही. काही जुन्या पुस्तकांत आवृत्तीच्या जोडीने प्रतींची संख्याही छापलेली आढळते. ती प्रथा सर्वत्र सुरू व्हावी. तोवर माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगतो की, प्रबंधात आवृत्तीचा दाखला द्यायचा तर आधी प्रकाशकाला फोन करून किती प्रती काढल्या ते विचारा. काही जण मोकळेपणाने सांगतात. काही जण म्हणतात, तशी नोंद आम्ही ठेवीत नाही.