कललेली अक्षरे

पाट्या वाचण्याची सवय परमुलखातच लागते. आपल्या गावी माणूस दुकान ओळखतो; बदलीच्या गावी त्याला पाटीवर विसंबावे लागते. जयपूरच्या जुन्या परकोटातील बाजारांत या बाबतीत एक शिस्त आहे: पांढऱ्या पट्टीवर काळी, ताठ नागरी अक्षरे, दुकानामागून दुकान एकाच धाटणीची. जवाहर नगर ही त्या मानाने अलीकडची, सेक्टरांत विभागलेली वसाहत. येथे पाट्यांना असे बंधन नाही, आणि शिकवणीवर्ग, व्यायामशाळा, कपड्यांचे ‘सेल’ यांच्या फलकांवर एक अक्षर वारंवार भेटते. ते जाड आहे, अंग चोरून अरुंद झालेले आहे, रेघ सर्वत्र सारख्याच जाडीची, आणि सगळा शब्द पुढे झुकलेला. जणू गाडी सुटत असून तो फलाटावरून धावत आहे.

रोमन लिपीला हा वेष शोभतो. टोकांना पाय न फुटलेले नितळ रोमन अक्षर लंडनच्या विल्यम कॅस्लन (चौथा) याने १८१६ च्या सुमारास आपल्या नमुन्यांत दाखविले. पुढे भित्तिपत्रकांचे युग आले. कागद तेवढाच आणि सांगायचे फार, म्हणून अक्षर अरुंद झाले. रस्त्यापलीकडून दिसावे म्हणून जाड झाले.

नागरीला मुळात तसे पायच नाहीत. तिच्यातील बोरूचे जाड-बारीक वळण काढून टाकले, की झाली ती ‘नितळ’. पण तिला अरुंद करू जावे, तर ‘क्ष’, ‘ण’, ‘श’ यांच्या पोटातील पांढरी जागा आटते, आणि जाड करावी तर ती बुजते. संगणकावर अक्षर नुसते दोन्ही बाजूंनी दाबले, तर उभ्या रेघा बारीक होतात, आडवी शिरोरेषा मात्र होती तशी जाड राहते; शब्द तुळईखाली सापडल्यासारखा दिसतो. जाणता अक्षरकार म्हणूनच अक्षर दाबीत नाही, नव्याने बांधतो. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी रेखाटलेली शीर्षके ज्यांनी वृत्तपत्रांत पाहिली आहेत, त्यांना याचा दाखला वेगळा द्यावयास नको.

खरी अडचण कलण्याची आहे. व्हेनिसच्या आल्डस मानुशियसने १५०१ साली व्हर्जिलचे काव्य कललेल्या अक्षरांत छापले. ठसे फ्रान्चेस्को ग्रिफोने कोरले होते. ग्रंथ लहान, हाती धरण्याजोगा असावा, एवढाच तेव्हा हेतू. एखाद्या शब्दावर जोर देण्याचे काम त्या अक्षरांकडे मागाहून आले. आणि ते वळण आले कोठून? विद्वानांच्या व कचेरीतील लेखनिकांच्या धावत्या हातातून. तिकडे कारकुनाचे अक्षर छापखान्यात शिरले आणि ग्रंथाक्षराच्या मांडीला मांडी लावून बसले.

आपल्याकडेही कारकुनाचे धावते अक्षर होते. ओळभर शिरोरेषा आधी ओढावी आणि मग हात शक्यतो न उचलता लिहीत जावे, ही मोडीची रीत. विल्यम केरीने १८१० साली सेरामपूरला छापलेल्या मराठी कोशात मोडी ठसे योजले होते. पण पुढे छापखान्याने बाळबोध पत्करली, निर्णयसागरच्या खिळ्यांनी तिला देखणेपण दिले, आणि मोडी दफ्तरात राहिली. विसाव्या शतकाच्या मध्यावर ती शाळांतूनही उठली. छापील अक्षराला धावता भाऊ उरला नाही. आज तिरपी नागरी म्हणून जी मिळते, ती बहुधा ताठ बाळबोधच असते, एका कुशीवर ढकललेली.

जोर देण्यापुरते पाहिले, तर तिच्यावाचून आपले अडत नाही. इंग्रजीत जेथे शब्द तिरपा करतात, तेथे मराठीत एक ‘च’ पुरतो. कचेरीतील टंकलेखन यंत्रावर तिरपे अक्षर नव्हतेच. महत्त्वाच्या ओळीखाली रेघ ओढीत, आणि ती उकारांना छेदून जाई.

अडते ते दुसरीकडे. अठराव्या शतकात याच राजपुतान्यात मराठ्यांचे वकील राहत असत. खंडणीची थकबाकी, दरबारातील कारस्थाने, स्वतःची ओढाताण, सारे ते पुण्यास मोडीत लिहून पाठवीत. आपल्यासारख्या बदलीवरच्या मंडळींचे ते पूर्वसूरीच. गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत प्रसिद्ध केले, ते बाळबोधीत. म्हणून आपण ते वाचू शकतो. मूळ कागद समोर ठेवला, तर आपल्यापैकी बहुतेकांना तो फारसीइतकाच परका. माझ्याजवळ आजोबांची पाच-सहा मोडी पत्रे आहेत. त्यांतील आकडे तेवढे मला लागतात. मोडीला २०१४ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले, हे ऐकून आनंद झाला. पत्रे मात्र अजून तशीच आहेत.

मध्यंतरी आमच्या परिचयातील एका मराठी मुलाने येथे व्यायामशाळा काढली. फलक अर्थातच जाड, अरुंद आणि तिरपा हवा होता. आडनावात ‘ळ’. हिंदीत हे अक्षर नाही, म्हणून रंगारी गोंधळेल अशी माझी अटकळ. पण राजस्थानीत ‘ळ’ आहे, आणि तो घरी राजस्थानी बोलणारा निघाला. त्याने सगळी अक्षरे आवळली, तेवढा ‘ळ’ ऐसपैस ठेवला. मुलाने हरकत घेतली, तेव्हा ब्रश न थांबविता तो म्हणाला, “इसको दबाया तो दोनों आँखें बंद हो जाएँगी, साहब.”