बाहुलीच्या काठावरची राख

मोतीबिंदूच्या तपासणीसाठी आलेल्या वृद्धाची बाहुली औषधाने रुंदावली, की कधीकधी नेत्रभिंगावर राखेसारखे करडे-पांढरे कण दिसतात. हा एक्सफोलिएशन सिंड्रोम. फिनलंडच्या जॉन लिंडबर्ग यांनी १९१७ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून तो दीर्घकाळ उत्तर युरोपचा विकार मानला गेला. मात्र दक्षिण तमिळनाडूच्या ग्रामीण भागातील ‘अरविंद’ सर्वेक्षणात चाळिशीपुढील सुमारे ६ टक्के लोकांत तो आढळला.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ही राख म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या प्रथिनतंतूंचे पुंजके ठरते. नेत्रजल बाहेर नेणाऱ्या जाळीत ते साचले, की दाब वाढून काचबिंदू जडू शकतो. भिंगाला तोलणारे धागेही त्यांच्यामुळे कमकुवत होतात. मग मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत भिंग जागेवरून सुटण्याची भीती असते.

१९९० च्या सुमारास संशोधकांनी अशा रुग्णांची वरवर निरोगी भासणारी त्वचा तपासली. तिथेही, लवचीक तंतूंच्या लगत, तेच पुंजके होते. पुढे ते हृदयात आणि फुफ्फुसांतही सापडले. २००७ मध्ये या विकाराचे नाते एलओएक्सएल१ जनुकाशी जुळले. लवचीक तंतूंची वीण घट्ट करणारे विकर याच जनुकापासून घडते. विखुरलेला पुरावा तेव्हा एका सूत्रात आला: बिघाड शरीरभरच्या विणीत आहे आणि डोळा ही त्याची खिडकी आहे.

त्वचेतील पुंजके रुग्णाला जाणवतही नाहीत. काचबिंदूने गेलेली दृष्टी मात्र परतत नाही. बाहुली रुंदावून केलेल्या तपासणीची किंमत काही तासांचे धूसर दिसणे, एवढीच असते.